रीडिंग किती यायला पाहिजे?

इंजिनिअरिंग कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला लागल्यापासून एका प्रश्नाने माझं डोकं उठतं. "मॅडम, रीडिंग किती यायला पाहिजे?" ब्युरेट अजून स्टँडला लावलेली नसते, पिपेट धुतलेली नसते, आणि बारावीला भरघोस मार्क मिळवून आलेलं पोरगं मान वर करून हे विचारतं. अरे बाबा, जे येईल ते यायला पाहिजे! पण नाही. शेजारी सीनियरचं जर्नल उघडं असतं, उत्तर ठाऊक असतं, आणि उत्तरावरून उलट्या पावली चालत येऊन रीडिंग बसवलं जातं. त्याला 'जुळवणं' म्हणतात. शाळेपासून जुळवत आलेली ही मुलं. कपाटामागे मागच्या वर्षीच्या रीडिंगचा कागद चिकटवलेला सापडला की मी तो टराटरा फाडते. पुढच्या आठवड्यात तिथे दुसरा असतो.

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. माझे वडील साताऱ्याकडून येऊन मार्केटात पाठीवर गोणी वाहायचे. काट्याच्या पारड्याखाली कुणी खडा चिकटवलेला दिसला तर ओझं तिथेच टाकून व्यापाऱ्याच्या अंगावर जायचे. आई म्हणायची, "बापाचं डोकं काढून हिच्या खांद्यावर बसवलंय." सानपाड्याच्या आमच्या सोसायटीत मी मीटिंगला उठून उभी राहिले की चेअरमन आधी पाण्याचा ग्लास पुढे सरकवतात. तर राग मला नवा नाही. पण त्या तळ्याच्या प्रकरणात जो आला, तो अजून उतरलेला नाही.

झालं असं की आमचे प्रिन्सिपल सर कुठल्याशा परिषदेला गेले आणि येताना दोन शब्द घेऊन आले. इंटरडिसिप्लिनरी आणि सस्टेनेबिलिटी. आठवड्याभरात दोन्ही शब्दांचं फ्लेक्स गेटवर लागलं, सरांच्या फोटोसकट. मग मीटिंग. मान्यता समिती येणार आहे, तेव्हा वेगवेगळ्या ब्रँचच्या मुलांनी एकत्र येऊन पर्यावरणावर संशोधन केलेलं दिसलं पाहिजे. 'दिसलं' पाहिजे, बरं का. चारही एचओडी टेबलाकडे बघत समोसा खात राहिले. एकेकाला आपापल्या ब्रँचचं घोंगडं सांभाळायचं होतं, दुसऱ्याच्या ब्रँचला मार्क कोण देणार? मी हात वर केला.

"केमिस्ट्री?" कुणीतरी म्हणालं, आणि हसू दाबलं गेलं. आमच्याकडे केमिस्ट्री म्हणजे फर्स्ट इयरची कटकट. तिला ब्रँच नाही, म्हणून प्रोजेक्टचा गाइड होता येत नाही. शेवटी तोडगा निघाला. कागदावर गाइड सिव्हिलचे एचओडी, राबायचं मी. मी म्हटलं चालेल. मुलं तर मिळतायत.

मुलं मिळाली तीन. सिव्हिलचा एक अबोल मुलगा, ज्याला कुठल्याच ग्रुपने घेतलं नव्हतं. कॉम्प्युटरचा एक हुशार मुलगा, राहायला करंजाड्याला, आईवडील नोकरीवाले, शर्टाची इस्त्री कधी न मोडलेली. आणि इलेक्ट्रॉनिक्सची एक मुलगी. ती जासईच्या पुढच्या एका गावातली, आगऱ्यांच्या घरातली. विषय तिनेच आणला.

त्यांच्या गावात एक तळं आहे. तिच्या आत्याने गावातल्या बायका जमवून ते पंचायतीकडून मासे पाळायला घेतलं होतं. तळ्याच्या पलीकडे कंटेनरचं यार्ड. वर्षभरात दोनदा रविवारी सकाळी सगळे मासे पोट वर करून तरंगलेले सापडले. बायकांचं म्हणणं, यार्डात कंटेनर धुतात आणि ते पाणी नाल्याने तळ्यात सोडतात. सरपंचांचं म्हणणं, बायकांना मासे पाळायची अक्कल नाही. आणि हे म्हणणं फुकटचं नव्हतं. तळं निकामी ठरवून बुजवायचं आणि तिथे ट्रेलर उभे करायला जागा द्यायची, असा ठराव ग्रामसभेत यायचा होता.

"मॅडम, मासे कशाने मरतात ते आपल्याला कळेल का?" मुलीने मला विचारलं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी उत्तर आधी न मागता प्रश्न विचारला होता. मी म्हटलं, "कळेल. तळं कधी दाखवतेस?"

पहिल्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा आत्या काठावर शेवाळ ओढत होती. उंच, काटक बाई, पदर कमरेला खोचलेला. कॉम्प्युटरवाला बूट हातात धरून चिखलाकडे बघत उभा होता.

"यो पोरगा पान्यात उतरनार हाय का नुसता फोटो काढनार हाय?" आत्याने भाचीला विचारलं.

"उतरतो ना काकू," तो म्हणाला, आणि दुसऱ्याच पावलाला गुडघाभर रुतला. बायका पोट धरधरून हसल्या. त्याला बाहेर काढायला सिव्हिलवाल्याला बांबू टाकावा लागला. इस्त्रीचं मातेरं झालं. पण गडी घरी जाऊन रुसला नाही, हे मी मनात टिपून ठेवलं.

मुलीने जेवणाच्या डब्यात एक यंत्र बसवलं. थर्माकोलवर तरंगणारं. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे माशांचा श्वास, ते सतत मोजायचं आणि आकडा फोनवर दाखवायचं. फोनवर फक्त त्या घडीचा आकडा दिसे. साठवण कॉम्प्युटरवाल्याच्या लॅपटॉपवर. सिव्हिलवाला बांबूने गाळ मोजत हिंडायचा. आणि मी माझी जुनी बाटलीची परीक्षा घेऊन गेले होते. ती बायकांना दाखवली. काचेची बाटली तळ्याच्या पाण्याने काठोकाठ भरायची, दोन औषधं घालायची, बूच लावून हलवायची. पाण्यात ऑक्सिजन असला तर तपकिरी साका बसतो. नसला तर साका पांढराच राहतो.

त्या दिवशी साका चांगला तपकिरी बसला. आत्याने बाटली उन्हाकडे धरली.

"म्हंजी जीव हाय पान्यात."

"आहे की," मी म्हटलं.

दिवाळीनंतर आकडे बोलायला लागले. आठवडाभर पाणी ठीक असायचं आणि शनिवारी संध्याकाळी आकडा धाडकन खाली यायचा. सणाच्या आदल्या दिवशीसुद्धा तसंच. म्हणजे दुसऱ्या दिवशी सरकारी कचेऱ्या बंद असल्या की आदल्या संध्याकाळी यार्डात धुवायचं काम! कुणी तपासायला येणार नाही ना. मी घरी भाजी चिरता चिरता फोन बघायचे आणि विळी बाजूला ठेवून शिव्या घालायचे. मुलगीही बघायची. "मॅडम, पडला," एवढाच तिचा मेसेज यायचा. पाणी थोडक्यात सावरायचं, मासे वाचायचे, पण तळ्याच्या छातीवर दर आठवड्याला कोण पाय देतंय ते आता आमच्या आकड्यांत होतं. मला वाटलं, झालं, बायकांचं काम झालं.

डिसेंबरात प्रोजेक्टचा रिव्ह्यू होता. गाइड नसल्यामुळे मला बोलावणं नव्हतं. मी फर्स्ट इयरच्या परीक्षेला सुपरव्हिजन करत होते. तिथे काय झालं ते मला फार नंतर कळलं. सिव्हिलच्या एचओडींनी ग्राफ बघितला आणि म्हणाले, "हा असा उड्या का मारतोय? बेडूक आहे का? सेन्सर तरी नीट करा, नाहीतर ग्राफ तरी. एक्स्टर्नलसमोर हे घेऊन गेलात तर मार्क कापले म्हणून समजा." तळं त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. फोटोत पाहिलं होतं.

कॉम्प्युटरवाला घरी गेला आणि त्याने ग्राफ नीट केला.

तेवढ्यात समितीची तारीख आली आणि प्रिन्सिपल सरांना 'समाजोपयोगी' काहीतरी हवं झालं. आमच्या प्रोजेक्टचा निष्कर्ष कॉलेजच्या कागदावर छापला, एचओडींची सही, गोल शिक्का, आणि एक प्रत गावाच्या पंचायतीला समारंभाने देऊन फोटो काढला. त्यात लिहिलं होतं, तळ्यातील पाण्याची गुणवत्ता सातत्याने समाधानकारक आढळली. मला कुणी विचारलं नाही. मुलीलाही नाही. कशाला विचारतील? काम माझं, पोरीचं, तळं बायकांचं, आणि निष्कर्ष मात्र शिक्का ज्याच्या ड्रॉवरमध्ये त्याचा!

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन करून मी घरी आले होते. शिरा नुकताच उतरवला होता. मुलीचा फोन आला. ती रडत नव्हती, ओरडत होती. ग्रामसभेत सरपंचांनी तो कागद वाचून दाखवला होता. इंजिनिअरिंग कॉलेजचा रिपोर्ट आहे, पाणी उत्तम आहे. मग मासे मेले कसे? बायकांच्या हयगयीने! बुजवायचा ठराव एक मेच्या सभेत पक्का करायचं ठरलं.

"आणि आत्या काय म्हणाली माहितीये मॅडम? सगळ्यांसमोर म्हणाली, गो, आपलीच पोर घेऊन आली हा कागद. तुला शिकवला तो यासाठी?"

मी शिरा तसाच ठेवला. दुपारभर घरात कुणी माझ्याशी बोललं नाही, शहाणपणा केला.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवाल्याला लॅबमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. "शनिवारचे आकडे कुठे गेले?"

"ते नॉइज होतं मॅम. काढून टाकलं. स्मूद केलं."

"मूळ फाइल?"

तो नखाने टेबलाची कड खरवडायला लागला.

"मूळ फाइल कुठंय, मेल्या?"

"त्याच्यावरच सेव्ह केलं."

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिता येणार नाही. शेजारच्या फिजिक्सच्या लॅबमधले सर येऊन दारावर टकटक करून गेले. अरे, ते आकडे म्हणजे त्या बायकांचे साक्षीदार होते, आणि तू त्यांचे गळे दाबलेस, तेही ग्राफ गुळगुळीत दिसावा म्हणून! तो खाली मान घालून ऐकत होता. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा म्हणाला, "मॅम, मला खरंच वाटलं ते चुकलेत. शाळेपासून जे रीडिंग बाकीच्यांशी जुळत नाही ते चुकलेलंच असतं. सगळे खोडतात. सर पण खोडायला सांगतात. न जुळणारं रीडिंग बरोबर असू शकतं, असं मला कुणी कधी शिकवलंच नाही."

माझा राग त्याच्यावरून हलला आणि थेट वरच्या मजल्यावर गेला. त्याच्यामागोमाग मी.

प्रिन्सिपल सर म्हणाले, "बसा मॅडम." मी बसले नाही. म्हटलं, रिपोर्ट चुकीचा आहे, पंचायतीला दुसरं पत्र द्या, एवढंच. त्यांनी मला समजावलं. कागद समितीच्या फाइलला लागला आहे. आता मागे घेतला तर संस्थेची काय शोभा? आणि कॉलेजने कुणाच्या गावच्या भांडणात कशाला पडायचं?

"पडलोय आपण सर! शिक्का मारून पडलोय! आता फक्त चुकीच्या बाजूला पडलोय."

"तुम्ही गाइड नाही आहात मॅडम," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले.

सिव्हिलचे एचओडी तर वरताण. म्हणाले, सेन्सरच भरवशाचा नव्हता. नाचता येईना अंगण वाकडं! संध्याकाळपर्यंत नोटीस निघाली की यंत्र ही कॉलेजची मालमत्ता असल्याने तळ्यावरून काढून जमा करावी. डबा मुलीच्या घरचा होता. तोसुद्धा जमा झाला.

मुलीने कॉम्प्युटरवाल्याशी बोलणं टाकलं. एकाच प्रोजेक्टची दोन मुलं, जिन्यात भेटली तर एक भिंतीकडे बघायचं. मीही मध्ये पडले नाही. पण तो मुलगा माझ्या आधी स्वतःच तळ्यावर जाऊन आला. मला आत्याकडून कळलं. रविवारी गेला, काठावर उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, ते मी केलं." आत्याने त्याला शेवाळाचा ढीग दाखवला. त्याने दिवसभर शेवाळ ओढलं. पुढच्या रविवारी पुन्हा गेला. तिसऱ्या की चौथ्या खेपेला तिने त्याला भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण दिलं. घरी शाकाहारी असलेल्या त्या पोराने ते कसं खाल्लं त्यालाच माहीत.

एक दिवस तो माझ्याकडे आला. "मॅम, ती बाटलीची टेस्ट मला शिकवा. त्याला लॅपटॉप लागत नाही."

"शिकवते. पण रीडिंग किती यायला पाहिजे, हे विचारलंस तर बाटली डोक्यात घालीन."

"नाही विचारणार," तो म्हणाला. हसला नाही.

एप्रिलच्या शेवटी फायनल व्हायवा. एक्स्टर्नल परीक्षक बाहेरच्या कॉलेजचे. त्यांच्यासाठी काजूकतली, थंड ताक, एसीची केबिन, सगळी जावयाची बडदास्त. काळ्या कव्हरचं, सोनेरी अक्षरांचं ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा अहवाल, टेबलावर होतं. मी दाराजवळ उभी होते, कुणी बस म्हटलं नाही. एक्स्टर्नलनी ग्राफचं पान उघडलं. "सुंदर. अगदी क्लीन डेटा आहे. वर्षभरात असा प्रोजेक्ट बघितला नाही." एचओडी फुलून आले. सगळ्या प्रोजेक्टांमधलं पहिलं बक्षीस ठरलेलंच होतं, मुलांना नोकरीची पत्रंही आलेली होती, फक्त पास व्हायचं बाकी होतं.

कॉम्प्युटरवाला उठला.

"सर, हा ग्राफ खोटा आहे. मी केलाय. खऱ्यात दर शनिवारी ऑक्सिजन धाडकन खाली येत होता."

एचओडी म्हणाले, "तो नर्व्हस आहे." मुलगी उठून त्याच्या शेजारी उभी राहिली. मग सिव्हिलवालाही, तो अबोल. एक्स्टर्नलनी चष्मा काढला आणि पुसला. "बेटा, हे तू गाइडला सांगायला हवं होतंस," ते म्हणाले. "आता मी काय लिहू?" एचओडींनी काय लिहायचं ते त्यांना बाहेर नेऊन सांगितलं असावं. तिघेही नापास. बक्षीस दुसऱ्या ग्रुपला, आपोआप फिरणाऱ्या कचऱ्याच्या डब्याला. तिघांच्या नोकऱ्या लोंबकळल्या. आणि पंचायतीतला कागद जिथल्या तिथे!

मला वाटलं होतं खरं बोलल्यावर काहीतरी हलेल. काय बाई मी तरी खुळी.

मग राहिली एक मे. महाराष्ट्र दिन, सुट्टी. म्हणजे आदल्या संध्याकाळी यार्डात धुणार, हे आता आम्हांला पाठ होतं. यंत्र नव्हतं, माझ्या बाटल्या होत्या. औषधं मी माझ्या पिशवीतून नेली. तीस तारखेला दुपार कलल्यावर आम्ही तळ्यावर गेलो. तिन्ही मुलं, मी, आत्या, आणि आठ-दहा बायका. मुलगी आणि कॉम्प्युटरवाला व्हायवापासून पुन्हा बोलायला लागले होते. उन्हाळ्याने तळं आटून कंबरभर राहिलं होतं. फेब्रुवारीत आत्याने हट्टाने परत बोटुकली सोडली होती, बोटाएवढी पिल्लं. ती आता वीतभर झाली होती.

ऊन उतरेपर्यंत काही झालं नाही. कॉम्प्युटरवाला दर थोड्या वेळाने बाटली भरे, औषधं घाली. साका तपकिरी. पुन्हा तपकिरी. मुलांचे चेहरे पडत चालले. खरं सांगते, माझाही. मी मनात म्हणत होते, सोडा रे सोडा, आजच शहाणे झालात काय!

मग नाल्याच्या तोंडाशी फेस आला. आंबूस, उग्र वास. पाण्यावर तेलाची इंद्रधनुष्यासारखी साय पसरत आली. कॉम्प्युटरवाला कमरेइतक्या पाण्यात उतरला, कपड्यांचं भान नाही. बाटली भरली. औषधं घातली. बूच लावून हलवली. आम्ही सगळे त्या बाटलीवर डोळे लावून होतो.

साका खाली बसला. पांढरा. दह्यासारखा पांढरा.

"व्हाइट! मॅम, व्हाइट आला!" तो ओरडला. मुलगी ओरडली. सिव्हिलवाल्याने बांबू हवेत फेकला. मी टाळ्या वाजवल्या. हो, वाजवल्या. इतक्या महिन्यांचा राग एकदम मोकळा झाला होता. मुलं काठावर एकमेकांना धरून नाचत होती.

"नाचू नका रं."

आत्या पाण्याजवळ उकिडवी बसली होती. आमच्याकडे तिने पाहिलंही नाही.

"नाचू नका. माजी मासली मरतेय."

तळ्यावर सगळीकडे तोंडं आली होती. वीतभर मासे, तोंड वर काढून हवा मागत होते. शेकड्यांनी. पाण्यावर नुसता चपचप आवाज होता. मुलगी आत्याजवळ जाऊन बसली. बायकांनी घमेली आणली, विहिरीचं पाणी भरलं, हातांनी उचलून टाकता येतील तेवढे मासे टाकले. आम्हीही टाकले. फार थोडे वाचले. इतका राग आणि इतकी लाज मला एकाच वेळी कधी आली नव्हती, आणि लाजेने रागच वाढत होता. आपल्याला खरं ठरवायला त्यांचे मासे मरावे लागले, हा कुठला न्याय?

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा शाळेच्या ओट्यावर भरली. झेंडा झाला, लाडू वाटले गेले. टेबलावर ठरावाचं पुस्तक, शिक्का, शाईचं पॅड. मी बाटली घेऊन उभी राहिले. पांढरा साका दाखवला, काय झालं ते सांगितलं. कॉम्प्युटरवाल्याने हात जोडून सांगितलं की तो आधीचा कागद त्याच्या चुकीने झाला. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

सरपंच अगदी आदराने म्हणाले, "मॅडम, तुमी शिकलेल्या. पन आमच्याकडं कॉलेजचा शिक्क्याचा कागद हाय. या बाटलीवर शिक्का कुठं हाय?"

मी बाटली घेऊन खाली बसले. पहिल्यांदाच.

बायकांच्या रांगेतून आत्या उठली. डोक्यावर घमेलं होतं, वर ओलं फडकं. ती चालत टेबलापर्यंत आली, घमेलं ठरावाच्या पुस्तकावर ठेवलं आणि फडकं काढलं. रात्रीत मेलेले मासे. उन्हात वास ओट्याभर पसरला. पुढच्या रांगेतल्या लोकांनी नाकाला रुमाल लावले.

"घे," ती म्हणाली. "याच्यावर मार शिक्का."

मागच्या बायका एकेक करून उठल्या. प्रत्येकीच्या हातात काहीतरी होतं, टोपलं, पातेलं, डबा, आणि त्या टेबलाकडे चालत येत होत्या. कुणी घोषणा दिली नाही. टेबलावर जागा उरली नाही तेव्हा त्यांनी ओट्यावर ठेवायला सुरुवात केली. सरपंचांनी शाईच्या पॅडचं झाकण लावलं आणि ते खिशात घातलं.

ठरावाचं पुस्तक घमेल्याखाली होतं. ते काढायला कुणीही हात पुढे केला नाही.